चौथ्या ओळीवरची टिक

कमांड लिहून झाली होती. एंटर दाबायच्या आधी ती उठली आणि तिनं तिसऱ्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

तसं बघायला कुणी येणार नव्हतंच. डबा खायची वेळ होती, पुढचा पेशंट अडीचला. खोलीच्या भिंतींना करडा जाड फोम लावलेला होता, त्यामुळं खुर्ची सरकवल्याचा आवाजसुद्धा अर्धाच यायचा. ती परत येऊन बसली. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम थांबवलेला, डिस्क अनमाउंट केलेली, म्हणजे मशीनपासून तात्पुरती सोडवलेली. तिनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि एंटर दाबलं.

इस्पितळाच्या या विभागात, घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार असे, त्यांचा आवाज आधी साठवून ठेवत. तीनशे ठरलेली वाक्यं वाचून घ्यायची. पुढं माणूस एका छोट्या यंत्रावर टाइप करतो आणि यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. तिचं काम मशीनं उभी करायचं. पहिल्या खोलीचं मशीन बिनतक्रार चालत होतं, म्हणून चार महिन्यांपूर्वी दुसरी खोली सुरू झाली तेव्हा तिनं त्याचाच क्लोन काढला, आणि गेल्या महिन्यात तिसरीसाठी आणखी एक. क्लोन म्हणजे हुबेहूब तेच मशीन. सेटिंग तेच, खोड्या त्याच, आणि डिस्कवरच्या फाइल सिस्टिमचा लांबलचक ओळखक्रमांकही तोच. तो बदलावा लागतो. विभागातल्या सगळ्यात जुन्या माणसानं, ज्यांना झाडून सगळे काकाच म्हणत, क्लोननंतर करायच्या गोष्टींची यादी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली होती. त्यातली चौथी ओळ: डिस्क अनमाउंट करा, क्रमांक बदला, सुरू होताना मशीन जी फाइल वाचतं तिच्यात नवा क्रमांक लिहा. मगच खोली उघडा. ओळीच्या शेवटी एक चौकोन.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीच्या कागदांवर, दोन्हीकडे, त्या चौकोनात तिची टिक होती. पहिली घाईत केलेली. दुसरी करताना घाईसुद्धा नव्हती.

पडद्यावर नवा क्रमांक आला. तिनं तो फाइलमध्ये लिहिला, एकेक अक्षर पुन्हा ताडून बघितलं, डिस्क परत माउंट केली. मशीन मुकाट्यानं चालू झालं. तिनं घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं.

गेल्या सोमवारी दुसऱ्या खोलीच्या रेकॉर्डिंगची डिस्क बंद पडली होती. "घाबरता काय, बॅकअप कशाला आहे?" असं म्हणत काकांनी बॅकअप उघडला, तर आत दुसऱ्या खोलीचं काहीच नव्हतं. बॅकअपचा प्रोग्राम डिस्क नावानं ओळखत नाही, क्रमांकानं ओळखतो. पहिली खोली उरकून तो दुसरीशी यायचा, तोच क्रमांक बघायचा, हिचं तर मघाशीच झालंय असं समजायचा आणि पुढं जायचा. रोज संध्याकाळी काकांच्या पडद्यावर हिरवी ओळ यायची. चार महिने.

असं का झालं हे सबंध इमारतीत एकट्या तिला माहीत होतं.

तिनं कडी काढली. काका समोरच उभे होते, हातात रिकामा डबा.

"काय गं, दार लावून डुलकी?"

"नाही हो काका. अपडेट होतं जरासं."

"डुलकी असती तरी मी चुगली करणार नव्हतो. तीन वर्षांच्या पोरीची आई तू, तुला माफ आहे." त्यांनी डब्याचं झाकण उगाचच उघडून लावलं. "तीन दिवस डोकं पिकवतोय बघ. पहिल्यांदा मनात हेच आलं, की क्लोनचा क्रमांक एकच राहिला असेल तर असं होईल. म्हणून फाइल काढली. तुझी टिक बघितली आणि म्हटलं चला, हा रस्ता बंद. नाहीतर तिथंच खोदत बसलो असतो."

"तिसऱ्या खोलीचा क्रमांक... बघितलात तुम्ही?"

"कशाला? टिक आहे ना?"

ती हसल्यासारखं करून बाजूला झाली. काका नळाकडे गेले. डबा विसळताना ते काहीतरी गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलाशी पोचायच्या आतच काकांनी तिला हाक मारली. इतके दिवस उतरलेला त्यांचा चेहरा खुलला होता.

"ये, ये. गंमत बघ. काल संध्याकाळच्या बॅकअपमध्ये काय ओळ आलीय वाच. 'नवी डिस्क सापडली.' तिसरी खोली! महिनाभर झोपला होता आणि काल आपण होऊन जागा झाला. कुणी हातही लावला नाही. म्हणजे दोष प्रोग्रामचाच की नाही?"

त्यांनी कंपनीला पत्र लिहून तयार ठेवलं होतं. दीड पान, मुद्द्यांना आकडे घातलेले. तिसऱ्या मुद्द्यात लिहिलं होतं की दोन्ही क्लोनचे क्रमांक विहित पद्धतीनं बदललेले होते आणि याची नोंद उपलब्ध आहे. खाली तिच्या टिकांच्या कागदांची झेरॉक्स जोडली होती.

"एकदा नजर घाल. माझं इंग्रजी म्हणजे तुला ठाऊक आहे."

तिनं पत्र शेवटपर्यंत वाचलं. एका ठिकाणी स्पेलिंग चुकलं होतं, ते पेन्सिलीनं दुरुस्त करून तिनं कागद परत दिला. आपण हे काय केलं, हे तिला पायऱ्या उतरताना कळलं आणि ती जिन्यातच थांबली. वरून येणारी एक नर्स तिला वळसा घालून गेली.

अकरा वाजता दुसऱ्या खोलीतल्या एक पेशंट आल्या, बालवाडीच्या बाई.

विभागप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. गळ्याभोवती मऊ रुमाल, मांडीवर लहान मुलांची असते तशी पांढरी पाटी आणि पेन. सोबत थोरली बहीण होती.

"तीस वर्षं पोरांशी बोलत होती," बहीण सांगत होती, "आता दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळं बोलणं माझ्या गळ्यात."

बाईंनी पाटीवर लिहिलं आणि मॅडमकडे वळवलं: ही खूश आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी मध्ये तोंड घालत नाही.

मॅडम हसल्या, पण हसू फार वेळ टिकलं नाही. त्यांनी काकांकडे बघितलं. काका उभेच होते. ती त्यांच्या मागं, फाइलींच्या कपाटाला टेकून.

"बाई, सतरा जणांचे आवाज त्या डिस्कवर होते," काका म्हणाले. "सोळांचं निभावलं. काहींच्या फाइल्स यंत्रवाल्यांकडे आधीच गेल्या होत्या. काहींचं ऑपरेशन व्हायचंय, ते पुन्हा वाचतील. तुमचे किरणोपचार लांबले, त्यामुळं फाइल पाठवायची राहून गेली. आणि आता..."

बाईंनी लिहिलं: काहीच नाही?

"काहीच नाही. बॅकअप माझ्याकडे असतो. मी मधूनमधून उघडून बघायला हवा होता. नुसत्या हिरव्या ओळीवर विसंबलो. चूक माझी आहे."

"चूक माझी म्हणून काय होतंय हो?" बहीण म्हणाली. "आवाज म्हणजे काय केस आहेत, पुन्हा उगवायला?"

काकांनी मान खाली घातली. त्यांच्या शर्टाची कॉलर मागच्या बाजूनं विरली होती. तिची नजर त्या विरलेल्या धाग्यांवरच राहिली. आत्ता बोलायचं, तिनं ठरवलं. हे वाक्य संपलं की. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला की.

बाईंनी पाटी पुसली, काहीतरी लिहिलं आणि थेट तिच्याकडे वळवली.

तुमच्या मुलीचा ताप उतरला होता का त्या दिवशी?

"हो," ती म्हणाली. "उतरला... संध्याकाळपर्यंत."

बाईंनी समाधानानं मान हलवली.

चार महिन्यांपूर्वी, त्या दिवशी, दुसरी खोली खरं तर उघडलीच नव्हती. पण बाईंचं ऑपरेशन दोन दिवसांवर होतं, म्हणून त्यांना तसंच आत बसवून रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. ती कागद घेऊन आत गेली आणि म्हणाली, दहाच मिनिटं थांबाल का. तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला. ताप एकशे दोन. बाईच म्हणाल्या होत्या, जा तुम्ही. लिफ्टची वाट बघत असताना तिनं भिंतीवर कागद धरून टिक केली. कागद सहीसकट खाली पोचल्याशिवाय खोली अधिकृतपणे सुरू होत नव्हती. उद्या आल्याबरोबर करू, असं तिनं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर चारजण बसलेले होते.

ती चार वाजता पाळणाघरात पोचली तेव्हा भिंगरी दाराच्या जाळीला नाक लावून उभी होती. लेकीचं खरं नाव वेगळं होतं, पण एका जागी ठरायची नाही म्हणून घरात सगळे भिंगरीच म्हणत.

"आई, बदक लाव."

"घरी गेल्यावर."

"घरी गेल्यावर म्हणजे आत्ता."

घरी बूट काढायच्या आधी तिनं फोन उशीला टेकवून ठेवला आणि लावलं. गेले चार महिने दुपारची झोप, ताप, केस धुणं, सगळं याच एका फाइलीवर निभावलं होतं. त्या दिवशी ती निघून गेल्यावर बाईंनी वाक्यं वाचली, कंटाळल्या, आणि माइक चालूच आहे तर मुलांचं काहीतरी सांगते असं म्हणून बसल्या बसल्या सहा गोष्टी सांगितल्या होत्या. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग नीट होतंय का हे तपासताना ती त्या ऐकत राहिली आणि गोष्टींची सबंध फाइल फोनमध्ये घेऊन घरी आली. पेशंटचा आवाज इमारतीबाहेर नेणार नाही, असा कागद नोकरीवर लागतानाच तिनं सही करून दिला होता.

फाइल सुरू झाली. भिंगरी पलंगावर उभी राहिली.

"दहाच मिनिटं थांबाल का बाई?" फोनमधून तिचाच आवाज आला, आणि त्याच्याबरोबर भिंगरीचा. "डिस्क अनमाउंट करावी लागेल. त्याशिवाय क्रमांक बदलत नाही." भिंगरी 'अनमाउंट' हा शब्द ओठ पुढं काढून, फार जपून म्हणत असे. मग फोनची रिंग. भिंगरीनं मुठीचा फोन कानाला लावला. "हॅलो? किती ताप?"

"जा बाई तुम्ही. पोरगी आधी. मशीन कुठं पळून जातंय?"

"अहो पण क्रमांक..."

"मी बसलेय ना इथं? लक्ष ठेवते त्याच्यावर. पळा."

भिंगरीनं हात उडवून "पळा!" म्हटलं आणि धपकन आडवी झाली. दार लागल्याचा आवाज. मग खूप वेळ वाक्यं, जी ती नेहमी पुढं ढकलत असे. अर्धीमुर्धी, खोकल्यात अडकलेली. आणि मग तो मोकळा, थोडा घोगरा आवाज: एक होतं बदक. त्याला पाण्याचा आला कंटाळा. म्हणालं, मी चालतच जाणार. फतक फतक, फतक फतक.

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होता. त्याला तिनं कालच सगळं सांगितलं होतं.

"यंत्रवाल्यांना किती लागतं?" त्यानं हळूच विचारलं.

"अर्धा तास. स्वच्छ असलं तर."

"हे किती आहे?"

"गोष्टीच चाळीस मिनिटं आहेत."

"मग झालं की. सुरुवातीचं तेवढं काप. जुन्या पेनड्राइव्हवर मिळालं म्हणून सांग. बाईंना आवाज मिळाला, तू सुटलीस, काका सुटले."

"काका कसे सुटतात?"

तो वळला. गॅसवर दूध ठेवलेलं होतं, तिकडं गेला.

तिनं लॅपटॉप उघडला. आवाजाची निळी रेघ पडद्यावर पसरली. सुरुवातीला दोन उंचवटे शेजारी शेजारी होते, एक तिचा, एक बाईंचा. तिनं दोन्ही खुणेत घेतले. कापायला एक सेकंदही लागला नाही. मग जोड कळतोय का ते बघायला तिनं नवी फाइल लावली.

भिंगरी उशीवरून डोकं उचलून बघायला लागली. थोडा वेळ तिनं वाट बघितली.

"आई, तू कुठं गेलीस?"

"मी इथंच आहे."

"यात नाहीयेस." तिचा चेहरा रडवेला झाला. "हे चुकलंय. तू आधी दहाच मिनिटं म्हण ना. मग त्या पळा म्हणतात."

ती लेकीकडे बघत राहिली. मग तिनं कापलेली फाइल पुसून टाकली आणि जुनी पहिल्यापासून लावली. भिंगरी शब्दाला शब्द जोडत गेली. "त्याशिवाय क्रमांक बदलत नाही," ती डोळे मिटत म्हणाली.

सकाळी काका पत्राच्या पाकिटाला डिंक लावत होते. तिनं फोन त्यांच्या टेबलावर ठेवला आणि फाइल लावली.

पहिल्या वाक्यावर काकांनी कौतुकानं वर बघितलं, ओळखीचा आवाज ऐकू आल्यासारखं. दुसऱ्या वाक्यावर त्यांचा डिंकाचा हात थांबला. "मशीन कुठं पळून जातंय," बाई म्हणाल्या. काकांनी पाकीट उलटं करून ठेवलं.

"मी नाही बदलला काका," ती म्हणाली. "नंतरही नाही. तिसऱ्या खोलीचाही नाही. तो मी परवा दुपारी बदलला. दार लावून."

"परवा."

"हो."

"म्हणून ती ओळ आली. नवी डिस्क."

"हो."

"आणि काल तू हे वाचलंस." त्यांनी पाकिटावर बोट ठेवलं. "स्पेलिंग दुरुस्त केलंस."

फोनमधून बाई वाक्यं वाचायला लागल्या होत्या. तिनं तो घाईनं बंद केला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. लेखी दे, म्हणाल्या. फोनचंही वेगळं लेखी. पुढचं वर ठरेल. आवाज चढवला नाही. उलट त्यांनी बाईंच्या बहिणीला फोन लावताना तिला खूण करून बसायला सांगितलं, आणि ती उभीच राहिली.

बाई दुपारी आल्या. पहिल्या खोलीत त्यांना हेडफोन लावून दिले. फाइल सुरुवातीपासून लावायची, असं तिनंच सांगितलं होतं. काचेपलीकडून तिला त्यांचा चेहरा दिसत होता. पहिल्याच मिनिटात बाईंनी मान वर करून काचेतून तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. वर्गात एखाद्याच्या दप्तरात दुसऱ्याची पेन्सिल सापडावी, तसं. मग त्यांनी नजर खाली घेतली. पुढं कधीतरी बदक आलं असावं, कारण त्यांचे खांदे हलायला लागले, ओठ फतक फतक असे हलले. त्यातून काहीच बाहेर आलं नाही. बहिणीनं डोळ्यांना पदर लावला.

बाहेर आल्यावर बाईंनी पाटीवर लिहिलं. तिला वाटलं, पाटी आपल्याकडे वळेल. बाईंनी ती बहिणीकडे वळवली.

"किती दिवसांत मिळेल, विचारतेय," बहीण म्हणाली.

"तीन आठवडे," मॅडम म्हणाल्या.

पाटी पुसून बाई निघाल्या. दारातून जाताना त्या तिच्या अगदी जवळून गेल्या, अंग चोरून, जागा पुरेशी असूनही.

ती टेबलाशी परत आली तेव्हा काकांनी फाइलींचा गठ्ठा काढला होता. तिची दोन वर्षांची सगळी कामं, एकेक कागद, प्रत्येकावर चौकोनांची रांग. त्यांनी चष्मा पुसून घातला आणि पहिल्या पानावर पट्टी ठेवली. तिनं स्टूल ओढलं आणि शेजारी बसली. त्यांनी नको म्हटलं नाही.

"नाव नोंदणीचं मशीन," काका म्हणाले. "पहिली ओळ. पासवर्ड बदलला होतास?"

"हो."

काकांनी कीबोर्ड पुढं ओढला, मशीन उघडलं आणि स्वतः बघितलं. बदललेला होता. त्यांनी तिच्या टिकेशेजारी लाल पेननं आपली टिक केली.

"दुसरी ओळ. घड्याळ लावलं होतंस?"

"हो काका."

ते पुन्हा कीबोर्डकडे वळले.